सरकारी मदतीचं पत्र आलंय? पैसे भरायच्या आधी पाकीट नीट बघा

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत माझं छोटं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डात नाव चढवणं, पीएम किसानची केवायसी, असली सगळी कामं. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी गल्लीतल्या काकी आल्या. हातात रेशन कार्ड ठेवायची प्लॅस्टिकची पिशवी, त्यातून त्यांनी घडी घातलेलं खाकी पाकीट काढलं.

"बघ गं जरा. पोस्टमननं दिलंय. साठ हजार मंजूर झाल्यात म्हणं. बाराशे पन्नास आधी भराय पायजेत. तुझ्या मोबाईलवरनं भरतीस काय?"

मी भरले नाहीत. पण काकी माझ्याकडं आल्या म्हणून वाचल्या. त्याच पत्रातल्या नंबरावर त्यांनी फोन लावला असता, तर पलीकडच्यानं गोड बोलून पैसे काढून घेतलेच असते. तेव्हापासून अशी आठ-दहा पत्रं माझ्या टेबलावर आली. ज्यांच्या हातात असं पत्र पहिल्यांदाच पडलंय, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांची टपालं ज्यांना वाचून दाखवावी लागतात, त्यांना उपयोगी पडावं म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. पत्र खरं की खोटं हे नुसतं पत्राकडं बघून पक्कं ठरत नाही. शिक्का, सही, तीन सिंहांची राजमुद्रा, हे सगळं शंभर रुपयांत छापून मिळतं. पत्र ज्या कार्यालयातून आलं म्हणतंय, तिथल्या जावक रजिस्टरात (बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या वहीत) त्याची नोंद आहे का, यावर ते ठरतं. खाली ज्या खुणा सांगितल्यात त्या संशय यावा म्हणून आहेत. निकाल लागतो तो कार्यालयातच.

पाकीट फाडायच्या आधी

काकींच्या पाकिटावर वर ठळक छापलं होतं: "भारत सरकार सेवार्थ". खाली डाव्या कोपऱ्यात "मंत्रालय, मुंबई". आणि मध्येच "स्पीड पोस्ट". पण स्पीड पोस्टाला बारकोड असतो आणि त्याखाली तेरा अक्षरांचा क्रमांक: पुढं दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आय-एन. इथं बारकोडच नव्हता. साधी तिकिटं चिकटवलेली. पाकीट उजेडात तिरकं धरलं तेव्हा तिकिटावरचा तारखेचा शिक्का वाचता आला. तो मुंबईचा नव्हता, महाराष्ट्रातलासुद्धा नव्हता. मंत्रालयाचा पिन ४०० ०३२. तिथलं पत्र परराज्यातल्या पोस्टात कोण कशाला टाकेल?

असा तेरा अक्षरी क्रमांक असेल तर भारतीय डाकच्या संकेतस्थळावर टाकून बघा. पत्र कुठल्या पोस्टात, कुठल्या तारखेला बुक झालं ते दिसतं. मात्र क्रमांक खरा निघाला म्हणून पत्र खरं ठरत नाही. पैसे भरले की स्पीड पोस्ट कुणालाही करता येतं, लबाडालासुद्धा. आणखी एक बारीक खूण. रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. त्यानंतरची तारीख असलेल्या पाकिटावर कुणी दिमाखात "रजिस्टर्ड पोस्ट" छापलं असेल, तर जुन्या नमुन्यावरून छपाई केलेली असण्याची शक्यता आहे. जुनी पाकिटं संपवणारी कार्यालयंही असतात, तेव्हा एवढ्यावरच हटून बसू नका.

पोस्टमनवर मात्र राग काढू नका. तो फक्त पोचवतो. "पोस्टानं आलंय म्हणजे सरकारीच असणार" हा समज आपल्याकडं घट्ट आहे, आणि ही टोळी त्याच समजावर जगते. पैसे देऊन सोडवून घ्यायचं व्ही.पी. असेल आणि तुम्ही काही मागवलं नसेल, तर सरळ नाकारा. नाकारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आतली भाषा

आपण सरकारी मराठीला नावं ठेवतो, पण ती इथं कामाला येते. खरं पत्र कोरडं असतं. वर जा.क्र. म्हणजे जावक क्रमांक, तारीख, मग "प्रति", "विषय", "संदर्भ", आणि "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की". खाली नाव, पदनाम, कार्यालय, आणि शेवटी प्रत कुणाकुणाला पाठवली त्याची यादी. दोनदा वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही.

काकींचं पत्र एका दमात समजत होतं. "बधाई हो! आपले चयन झाले आहे. धनराशी ६०,००० रुपये आपल्या खात्यात भुगतान करण्यात येईल." चयन, धनराशी, भुगतान. आपल्या तहसीलचा कारकून निवड, रक्कम आणि अदा लिहितो. "कोल्हापुर" मधला पु ऱ्हस्व. हिंदीत लिहून मशीनमधून मराठी काढलेलं पत्र असं सांडतं. वाचताना कुठं हिंदी ठसका लागतोय ते मोठ्यानं वाचून बघा, डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळतं.

गोल शिक्का बोटानं चोळून पाहिला. खऱ्या शिक्क्याची शाई कागदात थोडी पसरते, कुठं दाट कुठं फिकी असते. इथं शिक्का, सही आणि मजकूर एकाच प्रिंटरातून एकाच निळ्यात उमटला होता. राजमुद्रेखाली "सत्यमेव जयते" ही ओळच नव्हती. राजमुद्रेचा गैरवापर हा २००५ च्या कायद्यानं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छापणाऱ्याला त्याचं काय पडलंय म्हणा.

काकींना सगळ्यात जास्त खात्री पटली ती कशानं, तर नावानं. "माझं नाव, मालकांचं नाव, घर नंबर, सगळं बरोबर हाय की." बरोबर होतं, पण मतदार यादीत मालकांच्या नावात जी चूक छापलीय, तीच चूक पत्रातही होती. मतदार यादी कुणालाही बघायला मिळते. नाव-पत्ता बरोबर असणं हा पुरावा नाही.

ई-मेलच्या पत्त्यावरून मात्र घाईनं निकाल काढू नका. सगळीकडं सांगतात की पत्ता गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असा संपला तरच खरा. संकेतस्थळाच्या बाबतीत हा नियम पक्का धरा. पण आपल्या कितीतरी छोट्या कार्यालयांच्या लेटरहेडवर अजून साधा जीमेल छापलेला असतो हे मी रोज बघते. लाज वाटायची गोष्ट आहे, पण आहे.

शासन निर्णयाचा हवाला दिला असेल तर तो तपासणं सोपं आहे. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक निर्णयाला, म्हणजे जीआरला, अठरा आकडी सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. २८ जून २०२४ चा असेल तर सुरुवात सहसा २०२४०६२८ अशी. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर सांकेतांक टाकला की मूळ जीआर उघडतो. काकींच्या पत्रात "जीआर नं. ४५६७/ए" होतं, बास.

पैशाचा हिशेब जुळतो का

खऱ्या योजनेत किती मिळतं हे माहीत असलं की निम्मी पत्रं तिथंच गळतात. पीएम किसान २०१९ पासून वर्षाला ६,००० रुपये देते, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,०००. लाडकी बहीण २०२४ मध्ये सुरू झाली, महिन्याला १,५००. ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १,२०,००० रुपये, तेही बांधकाम जसं वर येईल तसं. एकदम साठ हजार, तेही अर्ज न करता, यातल्या कशातच बसत नाही.

मुद्रा कर्जाच्या "मंजुरीपत्रांचं" तर पेवच फुटलंय. दहा लाख मंजूर, फक्त प्रोसेसिंग फी भरा. मुद्रा ही संस्था कुणालाही थेट कर्ज देत नाही. ती बँकांना पुनर्वित्त, म्हणजे कर्ज वाटायला पैसा, देते आणि कर्ज बँकेतच, बँकेच्या काउंटरवर होतं. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं अशा पत्रांबद्दल पुन्हापुन्हा खुलासे केलेत. केंद्राच्या योजनेचं पत्र असेल तर फोटो काढून त्यांच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सॲप नंबरावर विचारता येतं. राज्याच्या योजनांचं ते बघत नाहीत.

पूर येऊन गेला की शिरोळ, करवीर, हातकणंगल्यात नुकसानभरपाईच्या नावानं माणसं फिरायला लागतात. त्याचीही वाट ठरलेली आहे. तलाठी पंचनामा करतो, यादी लागते, यादीत विशिष्ट क्रमांक असतो, तो घेऊन सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करायचं आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यात. पंचनामाच झाला नसेल तर भरपाईचं पत्र आभाळातून पडणार नाही.

नियम एकच लक्षात ठेवा: मदत देण्यासाठी सरकार लाभार्थ्याकडून फाइल चार्ज, जीएसटी, विमा किंवा डिपॉझिट घेत नाही. सेवा केंद्रात काही कामांची ठरलेली फी असते, तिची पावती मिळते. दर आमच्याकडं भिंतीवर लावलेले असायला हवेत. लावले नसतील तर मागा, आमच्या धंद्यातही सगळे सज्जन नाहीत.

खरं पत्र फेकून देऊ नका

ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही. एकदा फसवणुकीची धास्ती बसली की माणसं खरी पत्रंही बंबात घालतात. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांना ठरलेल्या मुदतीनं हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पगार बंद. (आपल्याकडं त्याला पगारच म्हणतात.) त्याबद्दल तहसीलचं पत्र येऊ शकतं. आयकर खात्याचं पत्र असेल तर १ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर डिन हा दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो आयकर पोर्टलवर तपासता येतो. आधार, पॅन, मतदार कार्ड, लायसन, हेही पोस्टानंच येतं.

फरक ओळखायचा तो असा: खरं पत्र तुम्हाला कागदं घेऊन कार्यालयात बोलावतं. खोटं पत्र फोनवर बोलावतं.

कार्यालयात जाऊन विचारणं

पत्रातला नंबर लावू नका. गंमत म्हणूनही नको. क्यूआर कोड असेल तर तोही स्कॅन करू नका. कधी त्यातून पैसे मागणारं पान उघडतं, कधी एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) उतरते आणि फोनच दुसऱ्याच्या हातात जातो. पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

निराधार, श्रावणबाळचं पत्र असेल तर तहसील कार्यालयातली संजय गांधी शाखा. लाडक्या बहिणीचं असेल तर अंगणवाडी सेविका किंवा १८१ ही हेल्पलाइन. पीएम किसानचं असेल तर तालुका कृषी कार्यालय किंवा १५५२६१. गावात तलाठी आहेत, त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. कुठल्याच योजनेचं नाव ओळखीचं वाटत नसेल तर केंद्राच्या मायस्कीम पोर्टलवर शोधा.

काउंटरवर गेल्यावर "हे खरं आहे का?" असं विचारलंत तर "माहीत नाही, बघू" असं उत्तर मिळेल. त्याऐवजी म्हणा, "साहेब, हा जावक क्रमांक तुमच्या रजिस्टरात आहे का ते बघता का?" प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं येतं. काकींना घेऊन मी गेले तेव्हा कारकुनानं पत्र हातात घेतलं, वरचा क्रमांक बघितला आणि हसून परत दिलं. "ताई, असली शाखाच नाही आमच्यात."

पैसे गेले असतील तर

इथं वेळ घालवू नका. नातेवाइकांना विचारायच्या आधी, लाज वाटायच्याही आधी १९३० लावा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात, मध्येच ते गोठवता आले तरच परत मिळायची आशा. फोन लावताना हाताशी ठेवा: कुठल्या खात्यातून गेले, किती, किती वाजता, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की बारा आकडी क्रमांक दिसतो, तोच. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.

लगेच बँकेलाही कळवा, आणि लेखी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तुम्ही कळवल्यानंतर तुमच्या संमतीशिवाय जो व्यवहार होईल त्याचा तोटा बँकेचा. म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची.

आधारची झेरॉक्स किंवा अंगठा दिला असेल तर आधारच्या ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करा, जमत नसेल तर १९४७ वर विचारा. अंगठ्यावर पैसे काढण्याची सोय बँकेत सांगून बंद करता येते. पैसे रोख दिले असतील तर १९३० चा फारसा उपयोग नाही, थेट पोलीस ठाणं गाठा.

पैसे गेले नसले तरी

बहुतेक जण इथं थांबतात. "आपलं काय गेलं न्हाई, कशाला पोलीस ठाण्याची पायरी चढायची?" काकींचंही हेच म्हणणं होतं. मी म्हटलं, काकी, त्याच टपालात तुमच्या आळीत आणखी वीस पाकिटं आली असतील. तेव्हा कुठं त्या उठल्या.

आधी पुरावा. पाकीट टाकू नका, शिक्का आणि तिकिटं पाकिटावरच असतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पत्र मिळाल्याची तारीख पाठीमागं नाही, वेगळ्या कागदावर लिहा. सगळं एका मोठ्या पाकिटात. स्टेपल मारू नका. पत्रानंतर त्यांनी तुम्हाला फोन किंवा व्हॉट्सॲप केला असेल, तर तो नंबर संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू या सोयीत नोंदवा, तीस दिवसांच्या आत. पोस्टाकडं तक्रार करायची असेल तर १८०० २६६ ६८६८.

मग साध्या कागदावर अर्ज, असा:

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
(तुमच्या हद्दीचे) पोलीस ठाणे, कोल्हापूर.

विषय: शासकीय योजनेच्या नावाने आलेल्या बनावट पत्राबाबत तक्रार.

महोदय,
मला दि. ___ रोजी टपालाने वरील स्वरूपाचे पत्र मिळाले. त्यात ___ रुपये मंजूर झाल्याचे सांगून ___ रुपये भरण्यास सांगितले आहे. मी अशा कोणत्याही योजनेसाठी अर्ज केलेला नाही. दि. ___ रोजी ___ कार्यालयात चौकशी केली असता असे पत्र पाठवले नसल्याचे समजले. पत्रात ___ हा मोबाईल क्रमांक व ___ हे बँक खाते दिले आहे. मूळ पत्र व पाकीट सोबत जोडले आहे. तरी योग्य ती कायदेशीर कारवाई व्हावी, ही विनंती.

मोबाईल क्रमांक आणि बँक खातं ठळक लिहा, तपासाचा धागा तिथूनच मिळतो. मूळ कागद देण्याआधी त्याच्या झेरॉक्स स्वतःकडं ठेवा.

ठाण्यात कलमं तेच लावतील, पण माहीत असावं: भारतीय न्याय संहितेत फसवणूक ३१८, तोतयेगिरी करून फसवणूक ३१९, लोकसेवकाची बतावणी २०४. जुनं चारशेवीस आता ३१८ मध्ये गेलंय, तोंडातून मात्र जात नाही. "आमच्या हद्दीत येत नाही" असं सांगितलं तर शून्य क्रमांकानं, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवता येतो. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवायलाच नकार दिला तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. भांडण करायची गरज नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर पोच घ्या: तारीख, शिक्का, सही. काकींनी ती घेताना शिक्का बोटानं हलकेच चोळून बघितला आणि निळं झालेलं बोट मला दाखवलं. पोच आता रेशन कार्डाच्या त्याच पिशवीत आहे.